तीन मिनिटांची तबकडी

आमच्या पार्टीचं एकही गाणं दोन मिनिटांच्या वर चालत नसे. बाकीच्या गायन पार्ट्या एकेक गाणं घोळून घोळून पाव तास म्हणायच्या. आमच्यात भाऊ पहिली ओळ फेकायचा, मी ती झेलून दुप्पट आवाजात परत करायची, डफ कडाडायचा, आणि समोरचा माणूस मान डोलवायच्या बेतात असतानाच गाणं संपलेलं असायचं. टाळी पडायच्या आत दुसरं सुरू. गाण्याची जाण असलेल्या अमरावतीतल्या एका गृहस्थांनी आमचं ऐकून विचारलं होतं, "हे गाणं हाये का भांडण?"

भाऊ म्हणाला, "भांडणच हाये. चालीवर करून राहिलो, एवढंच."

एक्कावन्न-बावन्न सालची ही गोष्ट. मी पंधरा वर्षांची होते, भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गाणी तोच लिहायचा. त्याचा आवाज लाकडावर करवत चालावी तसा होता, आणि तो गोड करायचा प्रयत्न त्यानं कधी केला नाही. मी मोठ्यानं बोलते म्हणून आईच्या हातचा पुष्कळ मार खाल्लेला. तोच आवाज पार्टीत कामाला आला. तिसरे डफवाले काका. ते आमच्याच मोहल्ल्यात राहायचे आणि कापसाच्या जिनात कामाला जायचे. यंत्राच्या धडधडीत वर्षं काढल्यानं त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नसे, त्यामुळे हळू वाजवणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चौथे हार्मोनियमवाले मास्तर. ते प्राथमिक शाळेत शिकवायचे. मुलगी पार्टीत गाते यावरून मोहल्ल्यात कुजबूज व्हायची, वडील म्हणायचे, "भावासंगं गाते, कोनाच्या घरी चोरी तं नाई करत."

आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं विहिरीचं होतं. आमच्या माणसांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत, त्यावर भावानं ते रचलं होतं.

विहीर तुझी, का पाणी तुझं?
ढगाले इचार, ढगाले इचार!
दोर तुझा, का तहान तुझी?
घशाले इचार, घशाले इचार!

एवढंच. आणखी दोन कडवी, की संपलं. 'इचार'वर काकांची थाप पडायची आणि माझा आवाज फाटायचा. नांदगाव पेठेच्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी हे गाणं म्हणताना आमच्यावर काळ्या मातीची ढेकळं आली होती. एक डफावर बसलं, एक माझ्या खांद्यावर. मी भावाकडे पाहिलं. तो थांबला नाही, उलट त्यानं गती वाढवली. ते गाणं आम्ही त्या दिवशी लागोपाठ चारदा म्हटलं. चौथ्या वेळी बाजारातल्या आमच्या बायाही 'ढगाले इचार' म्हणत होत्या, आणि ढेकळं मारणारे पांगले होते. माझ्या आयुष्यात एवढा आनंद मला पुन्हा फार थोड्या वेळा झाला.

छप्पन्न साली आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. त्यानंतरचे सहा-सात महिने तर आम्हाला घरी बसायला वेळ नव्हता. आणि मग, कुणी काही ठरवलेलं नसताना, पार्टी मोडली. भावाला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. आमच्या घरातली पहिली नोकरी, वडील त्या दिवशी रडले. रुजू होताना त्याला लिहून द्यावं लागलं की कसल्याही चळवळीच्या कार्यक्रमात भाग घेणार नाही. मास्तरांची बदली मोर्शीला झाली. काका अकोटच्या जिनात गेले. माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले. मालक रेल्वेत होते, सासूबाई मायाळू होत्या, दोन मुलं झाली. गाणं म्हणायची वेळ आलीच तर पाळण्यापुढे यायची, आणि तिथेही मोठ्या आवाजानं मुलं दचकायची.

अशी दहा वर्षं गेली. मग भावाचं कार्ड आलं.

मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस विदर्भात गाणारे शोधत फिरत होता. अमरावतीत कुणीतरी त्याच्याजवळ आमच्या जुन्या पार्टीचं नाव काढलं. तो भावाला भेटला आणि म्हणाला, एक तबकडी काढू, दोन बाजूंना दोन गाणी. भावानं कार्डावर लिहिलं होतं, 'तू आल्याशिवाय होणार नाही. काका व मास्तर तयार आहेत. साहेबांची परवानगी घेतली आहे.' ते शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट वाचलंच नाही. मी ते कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना विचारायच्या आधी, भाजी फोडणीला टाकता टाकता, विहिरीचं गाणं पुऱ्या आवाजात म्हणून पाहिलं. दुसऱ्या कडव्याला खोकला आला. पण आवाज होता. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "जाय वं. पोरं मी पाह्यते."

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं भावाच्या क्वार्टरात जमलो. काकांचे केस पांढरे झाले होते आणि आता उजव्या कानानंही कमी ऐकू येत होतं. मास्तर जाड झाले होते. पण डफ तोच होता, काकांनी त्याला नवं कातडं चढवून आणलं होतं. त्यांनी एक थाप मारली आणि भाऊ धावत जाऊन खिडक्या लावायला लागला.

"काका, हळू. बाजूले आमचे हेडक्लार्क राह्यतात."

"काय?"

"हळू! हळू वाजवा!"

आमची तीन दिवसांची तालीम अशी झाली. बाहेर वऱ्हाडातलं ऊन, आत बंद खिडक्या, आणि आम्ही चार माणसं जगातलं सगळ्यात मोठ्यानं म्हणायचं गाणं कुजबुजत म्हणत होतो. काकांना हळू वाजवता येईना म्हणून भावजयीनं डफावर टॉवेल गुंडाळून दिला. त्यातूनही आवाज येत होता. शेवटी भाऊ म्हणाला, "काका, तुमी नुसता हात हलवा. गती ध्यानात राह्यली म्हंजे झालं." काकांनी ऐकलं. डफाच्या वर हवेत हात मारत ते बसून राहिले. मला भावाचा असा राग आला, की मी मधेच उठून पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा भाऊ मास्तरांना म्हणत होता, "तिसऱ्या कडव्यातला पाटील काढून टाकू. तिथं 'माणूस' घालू."

"काहून?" मी विचारलं.

"जमान्या जमान्याची गोठ असते."

"जमाना बदलला तं गाणं काहून म्हनून राह्यलो आपून?"

मास्तरांनी हार्मोनियमचा भाता दाबून धरला. मी 'माणूस' म्हणायला तयार झाले, कारण मला मुंबईला जायचं होतं. हे कबूल केलं पाहिजे.

कंपनीची ती खोली मला अजून दिसते. भिंतींना जाड कापड लावलेलं, पंखा बंद, एका बाजूला काच आणि काचेपलीकडे यंत्रं. रेकॉर्डिंग करणारे साहेब सभ्य होते. सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे, चहा पाजला त्यांनी. आम्हाला म्हणाले, "एकदा म्हणून दाखवा, अगदी मोकळेपणानं." दहा वर्षांनी आम्ही ते गाणं पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं म्हटलं. काकांनी टॉवेलाचे तीन दिवस भरून काढले. मला घाम फुटला. वाटलं, हेच. आता हे तबकडीवर येणार आणि गावोगाव वाजणार.

साहेब घड्याळ बघत होते. म्हणाले, "दीड मिनिट होतंय. एका बाजूला तीन मिनिटं तरी लागतात."

मी म्हटलं, "मग एका बाजूले दोन गाणे घ्या. आमच्यापाशी पन्नास हायेत."

"तसं नसतं बाई. एका बाजूला एक गाणं. आपण लय थोडी कमी करू, मध्ये व्हायोलिन भरू. छान होईल."

व्हायोलिनवाले दोघे कोपऱ्यात बसलेलेच होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. सगळं आधीच ठरलं होतं. साहेबांनी कागदावर शब्द लिहून घेतले आणि पेन्सिल 'ढगाले'वर ठेवली. "हे वऱ्हाडी पुण्या-मुंबईत कुणाला कळणार? 'ढगाला विचार' म्हणा."

"त्यानं ठेका मोडते," मी म्हटलं.

"लय कमी केल्यावर नाही मोडणार."

मी भावाकडे पाहिलं. बाजारात ढेकळं आली तेव्हा पाहिलं होतं, तसंच पाहिलं. त्यानं साहेबांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या हातानं 'ढगाला विचार' असं सुधारून लिहिलं. त्याचं अक्षर आता कचेरीतलं झालं होतं, गोल आणि स्वच्छ.

"भाऊ, हे तुयं गानं हाये."

"गप राय वं तू," तो खालच्या आवाजात म्हणाला. "एवढ्या लांब आलो, रिकाम्या हातानं जाऊ काय?"

मग त्यांनी मला माइकपासून चार पावलं मागे उभं केलं. माझ्या आवाजानं सुई उडते, असं साहेब म्हणाले. मी मागे गेले. त्यांनी आणखी दोन पावलं मागे जायला सांगितलं. मी भिंतीला टेकले. आम्ही तेच गाणं सहा वेळा म्हटलं, आणि दरवेळी ते आणखी हळू झालं. 'ढगाला' आणि 'विचार' यांच्यामध्ये व्हायोलिन असं गोल फिरायचं, की तेवढ्यात ढग येऊन बरसून निघून गेला असता. सहाव्या खेपेला साहेब काचेमागून हात वर करून हसले.

दुसऱ्या बाजूचं गाणं संपेपर्यंत माझ्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती, आणि तिची लाज मला आजही वाटते. काका खोलीत नव्हते. पहिल्या खेपेनंतरच साहेबांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं होतं. डफाऐवजी कंपनीचा तबलेवाला वाजवत होता. मी माझ्या शब्दांसाठी भांडत होते, माझ्या चार पावलांसाठी कुढत होते, आणि कानावर तबला पडत असूनही ठेका कोण धरतंय हे मान वळवून पाहिलं नव्हतं. बाहेर आले तर काका बाकावर बसले होते, डफ मांडीवर पालथा.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मले बलावलं असंन तं आयकू आलं नाई," ते म्हणाले.

त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. परतीच्या गाडीत भाऊ आणि मास्तर पुढच्या तबकडीबद्दल बोलत होते. काका झोपले होते, निदान डोळे मिटून होते.

पावसाळ्यानंतर तबकडी आली. आमच्या कुणाच्या घरी फोनो नव्हता. मालक आणि मी ती घेऊन अकोल्यातल्या एका लाउडस्पीकरच्या दुकानात गेलो. लग्नाकार्यात कर्णे भाड्यानं देणारं ते दुकान. दुकानदारानं कौतुकानं सुई ठेवली. आधी व्हायोलिन, मग भाऊ. त्याची करवत कुणीतरी पॉलिश करून ठेवल्यासारखी. मग लांबून, शेजारच्या घरात कुणी बाई भांडी घासता घासता गुणगुणावी, तसा एक आवाज.

मालकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू कुठी हायेस यात?"

दुकानदार म्हणाला, "लय मधुर झालं बाई. लग्नात चालंन."

आणि खरंच चाललं. त्या वर्षी लग्नसराईत मी ते गाणं इतक्यांदा ऐकलं की पहिला व्हायोलिनचा सूर आला की मी कामाचा हात थांबवून आत निघून जायची. बाया मला थांबवून म्हणायच्या, किती गोड म्हटलं! त्यांचा काही दोष नव्हता. मी हसायची आणि मनात चडफडायची. विहिरीवरून ज्यांना खाली ढकललं होतं त्यांच्या गाण्यावर नवरदेवाला हळद लागत होती, आणि मला कुणाशी भांडावं हे कळत नव्हतं.

तबकडीमुळे नाव झालं, तसं अकोटहून बोलावणं आलं. तिथल्या आमच्या लोकांनी संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला होता. मी लगेच हो म्हटलं. काका तिथलेच होते. आता त्यांना कुणी बाहेर बसवू शकणार नव्हतं. मी अकोल्याहून एस.टी.नं गेले, भाऊ आणि मास्तर अमरावती-मोर्शीहून आले. उन्हं उतरताना आम्ही मंचावर बसलो. समोर जिनातले कामगार, आयाबाया, पुढे शाळा-कॉलेजातली तरुण मुलं. मी काकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "जुन्या गतीत!" त्यांचा चेहरा उजळला.

पहिलं गाणं आम्ही तसंच म्हटलं. भावाला ते आवडलं की नाही ठाऊक नाही, पण डफानं त्याला ओढून नेलं. दुसरं म्हटलं. समोरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मग विहिरीचं सुरू केलं. मी 'ढगाले इचार' म्हणून आवाज फाडला आणि पुढच्या रांगेतला एक तरुण उभा राहून म्हणाला, "बाई, रेकॉर्डसारखं म्हना ना!"

त्याच्या बाजूचे दोघे-तिघे म्हणाले, "हाव, रेकॉर्डसारखं! हळू!"

मी थांबले नाही. काकांना तर ऐकूच आलं नव्हतं. पण भावानं ऐकलं, आणि त्यानं गाणं हळू केलं. मास्तर त्याच्याबरोबर गेले. मंचावर दोन गाणी चालू झाली. एका बाजूला भाऊ आणि हार्मोनियम 'ढगाला' म्हणत रेंगाळत होते, दुसऱ्या बाजूला मी आणि डफ तिसऱ्या कडव्यात पोचलो होतो. मी मुद्दाम 'पाटील' म्हटलं. लोक गोंधळून एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी हसलं. मग भाऊ थांबला, मास्तर थांबले, मीही थांबले. काका एकटे वाजवत राहिले, डोळे मिटून, पुऱ्या जोमात. शेवटी मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्यांनी डोळे उघडून लोकांकडे पाहिलं. "काय झालं?"

भावानं माइक जवळ घेतला, माफी मागितली, आणि रेकॉर्डसारखं गाणं पहिल्यापासून म्हणून दाखवलं. टाळ्या खूप पडल्या. मी मंचावरच बसून होते, तोंड न उघडता. काका डफ काखेत मारून मंचावरून खाली उतरले आणि गर्दीतून वाट काढत घराकडे गेले. मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. चारचौघांत उठून जायचं धैर्य मला झालं नाही.

कार्यक्रमानंतर मी भावाला म्हटलं, "यापुढे मले बलावू नोको."

"त्या पोराईनं मागितलं, मी काय करू?"

"त्याईले तेच ठाऊक हाये, कारन आपून तेच देलं."

त्यावर आम्ही पुढे जे एकमेकांना बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मास्तर दोघांच्या मधे उभे राहून 'जाऊ द्या, जाऊ द्या' करत होते.

भावानं दुसरी तबकडी काढली. माझ्या जागी मुंबईचीच एक गाणारी बाई होती. तिचा आवाज खरंच चांगला होता. मला तीही लोकांच्या लग्नातच ऐकायला मिळाली. काकांना भेटायला मी दोनदा अकोटला गेले. ते गाण्याचा विषय काढत नसत. नातीच्या शाळेबद्दल बोलायचे, तेही मला ओरडून ओरडून विचारावं लागायचं.

वर्ष-दीड वर्षानं भाऊ कचेरीच्या कामानं अकोल्याला आला आणि न कळवता घरी आला. मुलांना खाऊ आणला होता. सासूबाईंशी बोलला, मालकांशी बोलला. मी स्वयंपाकघरात होते. तो तिथे येऊन उंबऱ्यावर बसला.

"तुले वाटत असंन मले थे गोड गानं आवडलं," तो म्हणाला.

मी भाकरी थापत राहिले.

"मी भेलो वं. कचेरीतल्या साहेबानं परवानगी देली तवाच बजावलं होतं, वावगं काई गेलं तं पाह्य. घरात पाच तोंडं हायेत. बाबा थकले."

"मंग मुंबईले जायाचंच नाई."

"दहा वर्सं झाले होते," तो म्हणाला. "एकडाव म्हनून पाह्यावं वाटलं."

मला त्याची दया आली आणि राग तसूभर कमी झाला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. काकांना बाहेर बसवलं हे त्याला तेव्हा कळलं होतं का, एवढं विचारावं असं वाटलं, पण तो हो म्हणाला असता तर मी काय केलं असतं? मी त्याला ताट वाढलं. तो जेवला, त्यानं हात धुतले, आणि संध्याकाळच्या बदनेऱ्याच्या गाडीला मालक त्याला पोचवून आले.